घराबाहेर गेलेलं पाणी

देवकाबाईंनी पाण्याचं बिल नगरपालिकेतल्या कारकुनाच्या टेबलावर ठेवलं आणि त्या पदराची गाठ सोडू लागल्या. कोपऱ्यात उभ्या असलेल्या तानबानं मान खाली घातली. तिथेच मीटर वाचायची नोकरी लागून त्याला जेमतेम चार महिने झाले होते.

घरगुती दर हजार गॅलनला आठ आणे, व्यापारी दर दीड रुपया. देवकाबाईंच्या नावापुढे 'व्यापारी' हा शेरा तानबानंच मारला होता. त्यांच्या अंगणातल्या नळावर बाहेरच्या बायका घागरी भरत, आणि घराबाहेर गेलेलं पाणी विकलेलं समजावं असा नियम होता. विकलेलं म्हणे! बाई एक छदाम घेत नव्हत्या, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? त्या बायका त्याच्याच वस्तीतल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि गावानं त्यांना विहिरी बंद केल्या. आपल्या लोकांची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यानं नियमावर बोट ठेवलं होतं. तेव्हापासून त्याला स्वतःची लाज वाटत होती.

शेवटी तो पुढे झाला.

"बाई, चूक माही हाय. अर्ज करा. तुमी पाणी इकत नाई, हे मी सायबाले सांगतो."

"अन् तुही नोकरी?"

"जाऊ द्या."

कारकून बंडूजींनी चष्म्यावरून पाहिलं.

"अर्जानं दर कमी होईन, देवकाबाई. पण मंग पाणी घरापुरतंच. बाहेर देल्लं त नळ कापा लागन."

"अन् व्यापारी राह्यलं त?"

"मंग कोणालेही द्या. कोन इचारते?"

देवकाबाईंनी पैसे सरकवले. "मंग व्यापारीच राहू दे."

"बाई, तिप्पट पडते!" तानबाचा आवाज चिरकला.

"काऊन रडून राह्यला बापा? बंडूजीले पावती दे मनाव लवकर, चूल पेटवाची हाय."

पुढच्या महिन्यात तानबा वही घेऊन त्या अंगणात गेला. मीटरची काच पुसली. आकडा थोडा कमी लिहावा, असं मनात येऊन गेलं. पण मग व्यापारीचा शेरा कोणत्या तोंडानं मारला होता? त्यानं होता तसा आकडा लिहिला.

नळावर त्याची माय, भागीरथा, घागर भरत होती. घागर अर्धी झाली तोच तिनं नळ बंद केला.

"माय, अर्धीच काऊन?"

भागीरथानं त्याच्या हातातल्या वहीकडे पाहिलं.

"पुरते," ती म्हणाली आणि घागर डोक्यावर घेऊन वस्तीकडे निघाली.