मागच्या फाटकासमोरचं पार्किंग

नगररचना खात्यात ती आराखडे तपासायची. नाइटक्लबची फाइल टेबलावर आली तेव्हा तिला त्यात वावगं काही दिसलं नाही. वर नाचायचा हॉल, खाली बार, पार्किंग मागच्या गल्लीत. नियमाप्रमाणे गाड्यांची जागा पुरत होती. पण जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती शेरा लिहीत नसे. दुपारी ती तिथे गेली.

आराखड्यातल्या गाड्या जिथे लागणार होत्या, नेमकं तिथेच शेजारच्या प्रसूतिगृहाचं मागचं फाटक उघडत होतं. पुढचा बोळ इतका अरुंद की अ‍ॅम्ब्युलन्स मागूनच आत यायची. ती उभी असतानाच एक आली. पोटुशी बाई स्ट्रेचरवर कण्हत होती. तिथल्या मोठ्या सिस्टरने विचारलं, इथे गाड्या लागल्या तर आम्ही बायकांना आत आणायचं कुठून? तिने त्याच संध्याकाळी शेरा लिहिला: पार्किंग नामंजूर करावे.

त्यानंतर लगेचच एके दिवशी ती घरी आली तर बाहेरच्या खोलीत क्लबवाला बसलेला. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, दार उघडून त्याला आत घेतलं होतं. ते निवृत्त बसचालक, गप्पांना कायम भुकेले. दोघांचं छान जमलं होतं. ती दिसताच तो उठून उभा राहिला. क्लबचं त्याने नावही काढलं नाही. चहा छान झाल्याचं सांगितलं आणि जाता जाता म्हणाला, "ताई, तुमची लेक शाळा सुटल्यावर फाटकाशी एकटीच उभी असते. गाडीवाले कुठे बघतात हल्ली. जपायला हवं."

त्याचा आवाज इतका मऊ होता की अण्णांनी मान डोलावली. तिने मात्र लेक घरात आहे ना, ते आधी आत जाऊन पाहिलं.

रात्री नवरा म्हणाला, रजा टाक, दुसरं कोणीतरी बघेल. दुसऱ्या दिवशी साहेबांनीही तेच सुचवलं, तेही तिच्याकडे न बघता. त्यांच्या घरीही कोणीतरी चहा पिऊन गेलं होतं, हे तिने न विचारताच ओळखलं. लेकीची तिने मावशीकडे रवानगी केली. शाळेत ताप आल्याचं कळवलं. आपणच दार उघडलं, हे अण्णांच्या मनातून जाईना. तिने रजेचा अर्ज लिहिला, पर्समध्ये ठेवला, आणि प्रत्येक वेळी पर्स उघडली की तिला ती स्ट्रेचरवरची बाई आठवायची. अर्ज पर्समध्येच राहिला.

सुनावणीला क्लबवाला पहिल्याच रांगेत बसला होता. त्याच्या वास्तुविशारदाने सांगितलं की ते फाटक बंदच असतं. समितीच्या अध्यक्षबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने हातातला कागद टेबलावर ठेवला.

"फाटक वापरात आहे," ती म्हणाली. "मी स्वतः तिथून अ‍ॅम्ब्युलन्स आत जाताना पाहिली आहे."

अध्यक्षबाईंनी साहेबांना विचारलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आता हे आपल्याला तोंडघशी पाडणार, असं तिला वाटलं.

"बाईंचा शेरा बरोबर आहे," साहेब म्हणाले.

पार्किंगची दुसरी सोय होईपर्यंत परवानगी नाही, असं ठरलं. बाहेर पडताना क्लबवाला तिच्याजवळ थांबला. "स्पष्ट बोललात, ताई. आवडलं." आणि निघून गेला. यात धमकी होती की नव्हती, हे तिला कधीच कळलं नाही.

लेक परत आली. तिला शाळेतून आणायला आता अण्णा जात, सुटायच्या कितीतरी आधी. काही घडलं नाही. तरी कामावरून येताना मागे एखादी गाडी हळू झाली की ती थांबून वळून बघायची.

पुढे गावाबाहेरच्या एका मोठ्या मोकळ्या जागेसाठी त्याच माणसाची नवी फाइल आली. जागा ऐसपैस होती, नियमात बसत होती, मंजूर करण्यासारखीच होती. ती जाऊन मोजून आली. मग पुन्हा गेली आणि पुन्हा मोजून आली. कारण आपण नियमाने हो म्हणतोय की भीतीने, याची तिला स्वतःलाच खात्री वाटत नव्हती.