फुगलो आणि फसलो

मी फुगा बोलतोय, पण तोंड वर करून नव्हे. ज्याच्यामुळे एका भल्या बाईचं चारचौघांत हसं झालं, त्याने मान खाली घालूनच बोलावं.

माझा जन्म कारखान्यातला. रबराच्या चिकात साचा बुडवायचा, वाळवायचा, सोलून काढायचा, की झालो आम्ही. माझे भाऊबंद वाढदिवसांना गेले आणि तासाभरात फुटून मोकळे झाले. मी पाकिटाच्या तळाशी चिकटून राहिलो, तो थेट एका साप्ताहिकात लिहिणाऱ्या बाईंच्या टेबलावर आलो.

बाई वर्षानुवर्षं ‘कपड्यांवरचे डाग’ हे सदर लिहायच्या. गंज असो की शाई, त्यांच्याकडे प्रत्येकावर उपाय. विज्ञानाचं पान लिहिणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले आणि संपादकांनी ते पान बाईंच्या गळ्यात मारलं. “विश्वाची सुरुवात, सोप्या भाषेत. तुम्हाला काय अवघड आहे?”

बाईंची मुलगी कॉलेजात हाच विषय शिकवते. पण तिला विचारायचं म्हणजे कमीपणा! “मी जन्मभर लिहितेय, आणि ती शिकवणार मला?” असं म्हणत त्यांनी ग्रंथालयातून पुस्तकं आणली. एकात फुग्याचं चित्र होतं.

मग त्यांनी माझ्या अंगभर पेनाने ठिपके काढले. एकेक ठिपका म्हणजे असंख्य ताऱ्यांची दीर्घिका. गाल फुगवून त्या फुंकायला लागल्या, तसे ठिपके एकमेकांपासून लांब लांब गेले. बाईंचे डोळे लकाकले. मीही हुरळलो. वाटलं, आपणही कुणीतरी आहोत!

घात तिथेच झाला. बाईंची नजर माझ्या तोंडावर गेली आणि त्यांनी लिहिलं, ‘विश्वसुद्धा असंच एका ठिकाणाहून फुंकलं गेलं. ते तोंड नेमकं कुठल्या दिशेला आहे, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत.’ मला ते पटलं. आपल्या तोंडाचं कौतुक कुणाला नको असतं?

अंक निघाला. शेजारणी वाहवा करून गेल्या. मग एका संध्याकाळी मुलगी आली आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता खुर्चीत बसली.

“आई, फुंकतंय कोण?”

“म्हणजे?”

“तोंडातून फुंकलं म्हणतेस ना? मग फुंकणारा कुठे बसलाय?” तिने मला उचललं. “फक्त ही कातडी बघ. आतली हवा, बाहेरची खोली, हे तोंड, यातलं काही धरायचं नाही. आता सांग, कातडीवर मधला ठिपका कुठला?”

बाईंनी मला गोल गोल फिरवून पाहिलं. “कुठलाच नाही गं.”

“तसंच आहे ते. कुठल्या एका जागी सुरुवात झालीच नाही. जागाच सगळीकडे ताणली जातेय.”

बाईंचा चेहरा पडला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कॉलेजात वाचलं का कुणी?”

मुलगी खाली बघत राहिली. “कँटीनमध्ये मोठ्याने वाचून हसत होते. एकाने मला विचारलं, या बाई कोण, ओळखतेस का?”

“मग?”

“नाही म्हणाले मी.” तिला रडू फुटलं. “आई, माझीच मला लाज वाटतेय गं.”

बाई माझ्यावरचा एक ठिपका अंगठ्याने चोळत बसल्या. मग म्हणाल्या, “बरं केलंस. माझ्यापायी तू कशाला टोमणे खायचेस? चल, आता नीट सांग, मी लिहून घेते.”

लेक सांगत गेली, आई लिहीत गेली. फुग्याचं उदाहरण कुठवर खरं आणि कुठे ते दगा देतं, ते सगळं आलं. माझ्या उणिवांचा पाढा माझ्यासमोरच वाचला गेला.

आता माझ्यातली हवा ओसरलीय, अंगावर सुरकुत्या पडल्यात. माझी एवढीच विनंती आहे, की कुणाला विश्व समजावायला फुगा घेतलात, तर हेही सांगा की विश्वाला असं तोंड नसतं.

त्या दुरुस्तीच्या लेखाची शेवटची ओळ तेवढी सांगून थांबतो. बाईंनी लिहिलं होतं, ‘ही चूक एका ओळखीच्या बाईंनी दाखवून दिली, त्यांचे आभार.’ मुलीने ते वाचलं, आईच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि ‘एका ओळखीच्या बाईंनी’ खोडून तिथे लिहिलं, ‘माझ्या मुलीने’. आणि पुढे आपलं पूर्ण नाव घातलं, कॉलेजच्या नावासकट.