खाटेवरचं रीडिंग

डॉक्टरांनी मनगटातून तार घालून दीड तासात हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली आणि सहाव्या दिवशी मीटरवाल्याला घरी पाठवलं. काम चोख झालं होतं, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण घरी आलेला माणूस निराळाच होता. बत्तीस वर्षं घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचलेला हा गडी पूर्वी एवढा बोलायचा, की बायको कंटाळून मुद्दाम नळ सोडून ठेवायची. पाणी वाया जाताना त्याला बघवत नसे; बोलणं अर्धवट टाकून तो नळ बंद करायला धावायचा. परवा तिच्याकडून चुकून नळ उघडा राहिला, तर तो खुर्चीत बसून त्या धारेकडे नुसता बघत राहिला. शेवटी तिनेच उठून तो बंद केला.

दवाखान्यातून निघताना तिथल्या व्यायाम-वर्गाच्या सिस्टरने चार गोष्टी बजावल्या होत्या. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, चालणं रोज आणि मन प्रसन्न. गोळ्यांना सात कप्प्यांची डबी आली, मिठाची बरणी माळ्यावर गेली, चालण्यासाठी नवे बूट आले. पण मन प्रसन्न कुठून आणायचं? "त्यांना हसतं ठेवा," असं सिस्टर अगदी सहज सांगून गेली होती. सांगणाऱ्याचं काय जातं? बायकोने जुने किस्से काढले, लेकीला फोनवर नातवाचे पराक्रम सांगायला लावले, स्वतःची फजिती रंगवून सांगितली. तो ढिम्म. बूट खोक्यातच पडून राहिले.

मग एके संध्याकाळी त्याच्या मोबाइलवर संदेश आला. "बारा नंबर, आज मी आठशे चाललो. तू?"

पाठवणारा होता अकरा नंबर, म्हणजे दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा ट्रकवाला. दोघांना झटका एकाच दिवशी आलेला, दोघांची खरी नावं बाजूला पडून खाटांचे नंबरच उरलेले. मीटरवाल्याने संदेश दोनदा वाचला, नाक फेंदारलं आणि बूट मागितले. परत आला तेव्हा एक हजार दहा झाले होते. पावलं तो स्वतः मोजायचा. दर शंभराला एक बोट मिटायचं. मोबाइलच्या मोजणीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला आकड्यांची देवाणघेवाण सुरू झाली. महिन्यात जो कमी चालेल, त्याने आठवडाभर बायको म्हणेल ते निमूट ऐकायचं, अशी पैज लागली. मीटरवाला दाढी करू लागला. जेवताना बोलू लागला. एकदा त्याने उठून ठिबकणाऱ्या नळाला नवा वायसर बसवला, आणि बायको मोरीत जाऊन आनंदाने रडून आली.

पाचव्या आठवड्यात, भर दुपारी, अकरा नंबरच्या बायकोचा फोन आला. दोघींची ओळख दवाखान्याच्या बाकावरची. पलीकडचा आवाज कोरडा होता.

"ताई, हे गेले. परवा सकाळी. चालून आले, बूट काढायला बसले आणि..." ती घाईने पुढे म्हणाली, "तुमच्या ह्यांना कसं सांगू कळेना, म्हणून तुम्हाला केला."

 खरं सांगायचं तर बायकोच्या मनात पहिला विचार मेलेल्या माणसाचा आलाच नाही. हे पुन्हा तसेच ढिम्म बसून राहिले तर? दोन दिवस आकडा आला नव्हता, तर "ट्रक घेऊन गेला असेल" म्हणून ते वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी विचारणारच. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच ती बोलून गेली, "वहिनी, रागावू नका. आज सातला त्यांच्या मोबाइलवरून एक आकडा पाठवाल?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "किती लिहू?"

रोज दुपारी आता दोघी फोनवर आकडा ठरवायच्या. ह्यांच्यापेक्षा शंभर-दीडशे जास्त, म्हणजे ह्यांना ईर्ष्या राहील. चार हजार तीनशे सत्तावीस. चार हजार सहाशे एकोणसाठ. पहिले दिवस ट्रकवाल्याची बायको मुकाट ऐकून घ्यायची. नंतर तीच म्हणू लागली, "आज थोडं कमी लिहू का? ऊन फार होतं, दमले असते." बायको "हो, लिहा," म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

मीटरवाला रोज पाचला बूट घालून जाई, साडेसहाला येई, आकडा सांगे. आकडा चढत होता. माणूस मात्र उतरत होता. बायकोने ते बघून न बघितल्यासारखं केलं. आकड्याकडे बघणं सोपं होतं.

तीन महिन्यांच्या तपासणीला सिस्टरने त्याला चालत्या पट्ट्यावर उभं केलं. चौथ्या मिनिटाला त्याने कठडा घट्ट धरला, घाम फुटला, "बंद करा," म्हणाला. अंगाला लावलेल्या तारांवरचा आलेख नीट होता. छातीत काही बिघडलेलं नव्हतं. सिस्टरने त्याच्या रोजच्या पावलांची वही उघडली, आकडे पाहिले, आणि बायकोला बाजूला घेतलं.

"रोज सहा हजार पावलं चालणारा माणूस इथे चार मिनिटांत थांबत नाही," ती म्हणाली. "घरी काय चाललंय?"

काय चाललंय हे बायकोला तरी कुठे ठाऊक होतं? रिक्षातून दोघं घरी आली. बूट काढायला तो बसला, तेव्हा मात्र तिला राहवेना.

"अहो, तुम्ही रोज जाता कुठे?"

"पाण्याच्या टाकीपाशी बाक आहे. तिथे बसतो."

"कधीपासून?"

"अकरा नंबरचे आकडे बदलले तेव्हापासून." त्याने तिच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, हेच तिला जास्त लागलं. "अगं, शेवटची दहा वर्षं मी माझं फिरणं करून दुसऱ्यांची रीडिंगंही तपासत होतो. घरोघर न जाता खाटेवर पडून आकडे भरणारे मी नुसत्या कागदावरून पकडायचो. खोटा आकडा भरणारा शून्याला भितो. एकच आकडा दोनदा लिहायला भितो. खऱ्या मीटरला कसली लाज? तो चार हजार म्हणजे चार हजार दाखवतो, एखाद्या दिवशी काहीच दाखवत नाही. तुमच्या आकड्यांत सात आठवड्यांत एकदाही शून्य आलं नाही. अकरा नंबर शंभराच्या हिशेबात सांगायचा; सत्तावीस, एकोणसाठ असले सुटे आकडे बघून मला तिसऱ्या दिवशीच कळलं, की तो गेला."

"मग बोलला का नाहीत?"

"सातला संदेश वाजला की तुझा चेहरा उजळायचा. म्हणून मीही भरत गेलो. खाटेवरचंच."

ती त्याच्या समोर जमिनीवर बसली. आपण ह्यांना सांभाळतोय, असं तिला वाटत होतं, आणि हे बाकावर बसून तिला सांभाळत होते. ह्या सांभाळासांभाळीत सात आठवडे वाया गेले होते, आणि तेच तर चालण्याचे दिवस होते.

"तो रोज माझ्याइतकंच चालायचा," मीटरवाला म्हणाला. "गोळ्या घ्यायचा, मीठ सोडलं होतं, विडी सोडली होती. सगळं केलं त्याने. तरी गेला. मग मी कशासाठी चालू, सांग."

 उत्तर सिस्टरकडे असेल, डॉक्टरांकडे असेल. तिने फक्त त्याचा बूट पुन्हा पायात सरकवला, नाडी बांधली आणि म्हणाली, "कोपऱ्यापर्यंत. मी येते बरोबर."

कोपरा फार लांब नव्हता. सत्तर पावलांवर तो थांबला, हात भिंतीला टेकवला. दम लागला नव्हता. भीती वाटली होती. दर पावलाला तो आतला ठोका ऐकत होता, पुढचा पडतोय का बघत होता. तिने "काही होत नाही" म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. असली खात्री ती कोणाच्या भरवशावर देणार? दोघं परत फिरली.

सातला त्याने मोबाइल घेतला. "काय लिहू?" त्याने विचारलं. तिने चष्मा त्याच्या हातात दिला. मग त्याने बोटाने सावकाश लिहिलं, "एकशे चाळीस," आणि पाठवलं.

उत्तर लगेच आलं नाही. आज दुपारी दवाखान्याच्या धावपळीत तिने आकडा ठरवायला फोनच केला नव्हता, हे तिला आता आठवलं. सव्वासातला मोबाइल वाजला. त्यावर एकच शब्द होता.

"शून्य."

मीटरवाल्याने तो दोनदा वाचला. "हे रीडिंग बरोबर आहे," तो म्हणाला, आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच तो रडायला लागला. मोठ्याने, खांदे हलवत, थांबायचं नाव न घेता. बायको त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. इतक्या सूचना मिळाल्या होत्या, पण असं रडणं त्या हृदयाला बरं की वाईट, त्याला थांबवायचं की रडू द्यायचं, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.