पाच किलोचं वजन

काटेवाल्यांनी सकाळपासून चौथ्यांदा बॅग पलंगावर उपडी केली, तेव्हा त्यांची बायको दाराला टेकून नुसती बघत राहिली. बोलून उपयोग नाही, हे तिला सत्तावीस वर्षांत पुरतं कळून चुकलं होतं.

सात किलो. विमानात सोबत एवढंच नेता येणार होतं, आणि दुसरं सामान न्यायचंच नव्हतं. मधल्या विमानतळावर विमान बदलायला जेमतेम पन्नास मिनिटं होती. तिथं पट्ट्यापाशी बॅगेची वाट बघत उभं राहिलं की पुढचं विमान गेलंच म्हणून समजा. आणि ते चुकवून चालणारच नव्हतं. परदेशात राहणाऱ्या धाकट्या भावाचं उद्या सकाळी नऊला हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी कसलीही खात्री दिली नव्हती.

बरं, भाऊ म्हणावा तर अकरा वर्षं एकमेकांशी अवाक्षर नाही. परवा धाकट्याच्या बायकोचा फोन आला. म्हणाली, ते बोलावत नाहीत तुम्हाला, पण दार वाजलं की मान वळवून बघतात. काटेवाले हूं म्हणाले, फोन ठेवला आणि तासाभरात तिकीट काढून आले. एरवी साधी चप्पल घ्यायला आठवडा लावणारा माणूस.

तेव्हापासून त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. टॉवेल आत, टॉवेल बाहेर. साबणाची वडी सुरीनं अर्धी कापली. औषधांच्या पाकिटांवरचे खोके फाडून फेकले. बायकोनं दिरासाठी लोकरीची टोपी ठेवली, ती यांनी काढली; तिनं परत ठेवली, यांनी परत काढली. शेवटी ती म्हणाली, मी लग्न होऊन आले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, त्याच्या टोप्या मीच विणल्यात, ती टोपी जाणार. टोपी गेली, त्यापायी एक पायजमा घरी राहिला.

दर वेळी बॅग भरली की ती काट्यावर चढायची. वजनाच्या बाबतीत काटेवाल्यांना कोणी शिकवायचं कारणच नव्हतं. काटे दुरुस्त करायचं दुकान वडिलांपासूनचं. बाजारात कोणाचा काटा बिघडला, की हे त्यावर दुकानातलं पाच किलोचं लोखंडी वजन ठेवत, काटा बरोबर पाचवर आणत आणि परत देत. वजन वडिलांचं. त्याच्या बुडाशी एक भोक होतं आणि वजन बरोबर भरावं म्हणून त्यात शिसं ओतलेलं होतं. बॅगेसाठीचा काटाही त्यांनी कालच त्या वजनावर लावून घेतला होता. या चौथ्या वेळी काटा सातवर थांबला, एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही, तसा त्यांच्या जिवात जरा जीव आला.

बायको भीतभीत म्हणाली, शेजारच्या औषधवाल्याकडे काटा आहे, एकदा तिथं बघून घेऊ या का? झालं. काटेवाल्यांचा पारा चढला. त्यांच्या काट्याला औषधवाल्याच्या काट्यानं शिकवायचं?

खरं सांगायचं तर दुखणं त्या वजनातच होतं. वडील जाऊन महिना झाला नव्हता, तेव्हा धाकटा ते वजन दोन्ही हातांत धरून दुकानात आला होता. म्हणाला, दादा, हे दोनशे ग्रॅम जास्त आहे, यातलं शिसं... पुढचं काटेवाल्यांनी ऐकूनच घेतलं नाही. वडिलांना जाऊन महिना नाही आणि त्यांना खोटं पाडतोस? नाही नाही ते बोलले आणि दुकानाबाहेर काढला त्याला. तो गेला तो थेट सातासमुद्रापार. ते वजन दुसरीकडे तपासून घेणं म्हणजे वडिलांवर शंका घेणं, म्हणून काटेवाल्यांनी ते कधी तपासलंच नाही. भाजीवाली अधूनमधून कुरकुरायची, की तुमच्याकडून काटा नेल्यापासून माझा माल कमी पडतोय. हे तिला सांगायचे, भाजी सुकते बाई, पाणी मारत जा.

दुपारी विमानतळावर मात्र तमाशा झाला. गणवेशातल्या मुलीनं बॅग काट्यावर ठेवायला सांगितली. यांनी ऐटीत ठेवली. पुढं आकडा आला, सात किलो दोनशे ऐंशी. मुलगी म्हणाली, जास्त आहे, काहीतरी काढा, नाहीतर बॅग खाली सामानात द्या. काटेवाले म्हणाले, तुमचा काटा बिघडलाय.

ती बिचारी हसली. यांनी विचारलं, शेवटचा कधी तपासलाय? रिकामा करून शून्य दाखवा. तिनं दाखवलं. मग म्हणाले, पलीकडच्या काट्यावर ठेवतो. पलीकडेही दोनशे ऐंशी. तिसऱ्यावर ठेवली, तिथंही तेच. मागं रांगेत कोणीतरी म्हणालं, आजोबा, आमचीही विमानं आहेत. पंचावन्नाव्या वर्षी आजोबा म्हणवून घेणं त्यांना एरवी झोंबलं असतं. पण वीस मिनिटं गेली होती, काउंटर बंद व्हायला दहा उरली होती, आणि त्यांचं डोकं भलतीकडेच लागलं होतं. तीन काटे एकाच वेळी एकसारखे चुकत नाहीत. या धंद्यात जन्म घालवलेल्या माणसाला हे कोणी सांगायला नको.

मग हिशोब आपोआप सुरू झाला. सातावर दोनशे ऐंशी जास्त. म्हणजे एका किलोमागं चाळीस. म्हणजे पाच किलोवर...

त्यांनी काउंटरची कड धरली. धाकटा बरोबर बोलला होता, अगदी ग्रॅमवर बरोबर, आणि त्याबद्दल त्यांनी त्याला अकरा वर्षं घराबाहेर ठेवलं होतं. उद्या नऊनंतर कदाचित हे सांगायलाही तो राहणार नव्हता. त्यांना इतकी लाज वाटली, की त्या मुलीकडे मान वर करून बघवेना.

"तुमचा काटा बरोबर आहे, बाई," ते म्हणाले. "माझा चुकलाय."

बॅगेतले दोन्ही शर्ट त्यांनी तिथंच अंगातल्या शर्टावर चढवले. बॅग बसली सातात. तीन शर्टांत घामाघूम होऊन ते धावत सुटले, तपासणीतून पार पडले, आणि विमानाच्या दारापाशी रांग सरकायला लागली तेव्हा कुठे थांबले. पण जीव थाऱ्यावर नव्हता. पोचल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं, आणि पुढच्याच क्षणी फोन काढला. धाकट्याची बायको चकित झाली. तिनं काही न विचारता फोन त्याच्या कानाला लावला.

"दादा?" आवाज अगदी बारीक झाला होता.

"ते वजन दोनशे ग्रॅम जास्त आहे," काटेवाले म्हणाले. इतकी वर्षं न बोललेल्या भावाशी पहिलं वाक्य हे.

 धाकटा म्हणाला, "माहीत आहे. त्यातलं शिसं मीच ओतलं होतं. जुनं निघून पडलं होतं. बाबांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. दादाला कळू देऊ नकोस म्हणाले, ओत तू. माझ्याकडून जास्त पडलं."

मागच्या बाईनं काटेवाल्यांना पुढं सरका म्हणून सांगितलं, ते सरकले.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेच सांगायला आलो होतो, दादा. माझी चूक सांगायला. तू बोलू कुठं दिलंस?"

काटेवाले रडायला लागले. भर रांगेत, तीन शर्ट घातलेला माणूस, एका हातात बॅग, लोक बघताहेत, आणि हे पोरासारखे रडताहेत. धाकटा सांगत राहिला, बस झालं, दादा, पोच तू आधी. यांनी कसंबसं विचारलं, नऊच्या आधी पोचलो तर भेटू देतील का? तो म्हणाला, साडेआठला आत नेतात.

साडेआठ. कोणीच सांगितलं नव्हतं. यांचं विमान तिथं उतरणार पावणेसातला, तेही मध्ये बदलायचं विमान मिळालं तर. दारावरच्या माणसानं पास मागितला. फोन बंद करायला सांगितलं. आत जाऊन ते खिडकीजवळच्या जागेवर बसले, बॅग वर न ठेवता पायांत धरून, म्हणजे उतरताना तेवढाच वेळ वाचेल. बाहेर कोणीतरी गाडीतून निवांत सामान चढवत होतं. पट्टा बांधून त्यांनी घड्याळात पाहिलं. निघायची वेळ होऊन सहा मिनिटं झाली होती, आणि विमान अजून जागचं हललं नव्हतं.