जबाबदार: लिब्राडा ओर्नेलास

आमच्या गावात वर्तमानपत्र काढायला तीन गोष्टी लागत: छपाईचे खिळे, शाई आणि तुरुंगात जायला तयार असलेला एक माणूस.

कायदाच तसा होता. पानाच्या तळाशी 'जबाबदार' म्हणून कुणाचं तरी नाव छापावं लागे, आणि मजकूर साहेबांना झोंबला की शिपाई त्या नावाच्या माणसाला उचलून नेत. आमचं पत्र 'सेन्सेरो', म्हणजे गुराच्या गळ्यातली घंटा. ते मोच्यांच्या मदत मंडळीचं. मजकूर शाळामास्तर लिहीत, खिळे मी जुळवत असे, आणि नाव मंडळीतला कुणीतरी देई, पाळीपाळीनं. पाळी आली की गडी धुतलेला सदरा घालून, तमालांची, म्हणजे मक्याच्या उकडलेल्या पानग्यांची, पुरचुंडी घेऊन ऐटीत आत जाई. मागे त्याच्या घरची चूल मंडळी पेटती ठेवी. डोन नाबोर तर तुरुंगातून चांगले गुबगुबीत होऊन आले होते.

पण आमचे जेफे, म्हणजे जिल्ह्याचे साहेब डोन फिदेन्सियो, यांनी आमच्या आळीच्या हौदाचं पाणी आपल्या डाळिंबांच्या बागेकडे वळवलं, आणि आम्ही ते दर रविवारी छापू लागलो. जेफेंच्या वरचा गव्हर्नर आम्हाला काय भीक घालणार! पण राजधानीतली पत्रं आमच्या बातम्या उचलत, आणि त्यांना मात्र तो टरकून असे. दोन पत्रांनी आमचा हौद उचललाही होता. आणखी थोडा रेटा, की पाणी आलंच!

तेव्हाच जेफेंनी दवंडी पिटवली. यापुढे 'सेन्सेरो'वर ज्याचं नाव येईल तो तुरुंगात नाही, थेट फौजेत जाईल, युकातानच्या जंगलात. तिथून परत आलेला माणूस आमच्या गावानं पाहिला नव्हता.

शनिवारी दुपारी मंडळीची बैठक भरली. पान जुळवून तयार होतं, फक्त तळाची ओळ रिकामी. अध्यक्षांनी विचारलं, "कोण?" सगळे गडी छताकडे बघू लागले. ते छत कित्येक वर्षं गळत होतं, तेव्हा कुणी मान वर केली नव्हती.

मला त्यांचा राग नाही आला. पोराबाळांची माणसं ती. पण एक रविवार चुकला असता तर 'सेन्सेरो' मेला असता, आणि हौदाचं नाव पुन्हा कुणी काढलं नसतं. माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. मी उभी राहिले.

"फौजेत बाईला नेतात का हो?"

सगळ्यांच्या माना खाली आल्या. खजिनदार डोन इलारिओन खेकसले, "डोन्या लिब्राडा, खाली बसा. हा चेष्टेचा विषय नाही."

"मी कुठं चेष्टा करतेय? माझं नाव घाला."

"बाईचं नाव! लोक हसतील!"

"हसू देत. हसायला आधी वाचावं लागेल ना?"

मागून डोन नाबोर ओरडले, "घ्या! आता बोला!"

"तुम्ही मंडळीच्या सभासदसुद्धा नाही," डोन इलारिओन लालबुंद झाले. "तुमचे यजमान होते, देव त्यांना शांती देवो. आमची एदुविखेस बघा. इतकी वर्षं झाली, या दालनात कधी तोंड उघडलंय तिनं?"

त्यांची बायको एदुविखेस दारापाशी आतोलेचं, म्हणजे मक्याच्या गरम पेजेचं, मडकं घेऊन उभी होती. ती पेले भरत राहिली.

मग आमच्या रिवाजाप्रमाणे दाणे फिरले: होकाराला पांढरा घेवडा, नकाराला काळा. अध्यक्षांनी पिशवी टेबलावर उलटी केली. पांढरेच पांढरे! काळे मोजके, त्यातला एक कुणाचा ते सांगायला नको.

मी धावतच छापखान्यात गेले. आयुष्यभर लोकांची नावं जुळवली, बारशाची, लग्नाची, मयताची. स्वतःचं कधीच नाही. ल शोधायच्या घाईत खिळे जमिनीवर सांडले. मी हसत होते आणि रडतही होते.

रविवारी चर्च सुटायच्या आत सगळे अंक संपले. ज्यांना वाचता येत नव्हतं ते चौकात वाचणाऱ्याभोवती कोंडाळं करून ऐकत होते, आणि हौदाच्या बातमीपेक्षा तळाच्या ओळीला जास्त टाळ्या पडत होत्या. शिपाई आला, त्यानं पान दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "यातला पुरुष कुठंय?"

"वर गेलाय," मी म्हटलं. "सहा वर्षं झाली."

आता मला ठेवायचं कुठं? बायकांचा तुरुंग गावात नव्हता. बाईला खटल्यापर्यंत 'अब्रूदार घरात' ठेवावं असा जुना रिवाज. आमचे न्यायाधीश पडले खुशमस्करे. गावातलं सगळ्यात अब्रूदार घर म्हणून दुसऱ्या कुणाचं नाव लिहायची त्यांची छाती होते की काय? लिहिलं त्यांनी ऐटीत: जेफेंचं घर!

त्या घरात मी आठवडाभर होते. जेफे मला पाहिलं की दुसऱ्या दारानं जात. त्यांची बायको डोन्या पेर्पेतुआ मात्र पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "त्या हौदाचं काय ते सांगा बघू. मला घरात कुणी काही सांगत नाही." मी सगळं सांगितलं. मोलकरणी तोर्तिया थापायच्या थांबल्या. त्यांतल्या दोघी आमच्याच आळीच्या, घागरी घेऊन नदीवर जाणाऱ्या. त्या दिवसापासून डोन्या पेर्पेतुआनं डाळिंब खाल्लं नाही.

पण मला घास गोड लागत नव्हता. येत्या रविवारचं काय? खिळे मास्तर कसेबसे जुळवतील. पण नाव? मी एक होते, आणि मी तर इथं अडकून पडले होते.

रविवार उजाडला. मी खिडकीला कान लावून उभी. चर्चच्या घंटा झाल्या आणि रस्त्यावरून आरोळी आली: "सेन्सेरोsss!" मी टाळ्याच पिटल्या! मोलकरीण शालीआड अंक घेऊन आली. मी आधी तळ पाहिला.

जबाबदार: एदुविखेस पोन्से.

मी पुन्हा वाचलं. तीच. डोन इलारिओनची. जिला अक्षरओळख नाही ती.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून जेफेंचा आवाज चढला. "आणखी एक! गावातल्या सगळ्या बायका माझ्याच घरात आणून बसवणार आहेत का हे?"

डोन्या पेर्पेतुआ शांतपणे म्हणाली, "मी खाट टाकायला सांगितलीय. पुढच्या रविवारसाठी आणखी एक लागेल. नाहीतर असं करा, हौदाचं पाणी सोडा. स्वस्त पडेल."

जेफेंनी बागेच्या माळ्याला हाक मारली.

शिपायाबरोबर एदुविखेस आत आली, बगलेत गाठोडं, डोक्यावर नीट घेतलेली शाल. मी धावत जाऊन तिला मिठी मारली.

"अगं बाई, नवरा काय म्हणाला?"

"पुष्कळ म्हणाला."

"आणि तुला तर वाचता येत नाही! आपण कशाखाली नाव देतोय हे तरी माहीत होतं का?"

तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"पाणी रोज मीच भरते ना," ती म्हणाली.