फिंतासच्या खिडकीतला दगड

मी दगड आहे आणि गेले तीन दिवस मी खोटं बोलतोय. माझी इच्छा नसताना.

माझा जन्म फिलिपिन्समधल्या सालोगान गावच्या समुद्रातला. मी प्रवाळाचा. गावकऱ्यांना वर्षाचे चाळीस दिवस वेठीला धरून, गळाभर पाण्यात उभं करून स्पॅनिश पाद्र्याने आम्हाला कापून काढलं आणि चर्च बांधून घेतलं. दारावर नाव कोरलं ते पाद्र्याचं. बुडून मेलेल्यांची नावं कुठेच नाहीत. हे विसरायला मी तयार नाही.

मी चर्चच्या बुरुजात बसलो. समुद्रातून माणसं पळवणारे यायचे, म्हणून बुरुजावर पहारा असे. पांढरं निशाण दिसलं की किनारा निर्धोक. एका वर्षी चाच्यांनी पहारेकऱ्याला मारलं आणि निशाण तसंच फडकत ठेवलं. मासेमारीला गेलेल्या होड्या निर्धास्त परतल्या. सत्तर माणसं गुलाम म्हणून गेली. तेव्हापासून गावाने रीत पाडली: नुसत्या निशाणावर विश्वास ठेवायचा नाही. शेजारी हलणारा हात दिसला, तरच होडी किनाऱ्याला लावायची.

पुढे भूकंपात बुरुज कोसळला. माझा मुठीएवढा तुकडा एका बाईने उचलला आणि मुलगी मारिविक कुवेतला घरकामाला निघाली तेव्हा तिच्या बॅगेत ठेवला.

फिंतासमधल्या घराने आल्या दिवशीच तिचा पासपोर्ट काढून घेतला, मग मोबाईल. समोरच्या इमारतीत राजश्री राहते. सावंतवाडीकडची, इस्पितळात नर्स. मारिविकच्या भाजलेल्या दंडाला तिथे तिनेच पट्टी बांधली होती. इस्त्री लागली, असं मालकीण म्हणाली. इस्त्री चुकून एकदा लागते. डाग तीन होते. कचरा टाकायला खाली आलेल्या मारिविकला राजश्रीने गाठलं, तेव्हा तिला गावचं निशाण आठवलं.

"ताई, खिडकीत दगड असेल तर मी बरी आहे. नसेल तर पोलिसांना बोलवा."

वरून हाक आली आणि ती घाईत अर्धीच रीत सांगून गेली. हाताचं राहिलं.

गुरुवारी सकाळी तिने मला खिडकीतून काढून ओट्याखाली ठेवलं. तेव्हा राजश्री ड्यूटीवर होती. तासाभरात मालकाने मारिविकला अनवाणी गाडीत घातलं. वफ्राकडच्या शेतावर, एवढंच माझ्या कानी पडलं. मग मालकिणीने स्वयंपाकघर आवरलं. मी सापडलो, तशी तिने मला पुसून पुन्हा खिडकीत मांडलं. मुद्दाम नव्हे. त्या बाईला प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते.

राजश्री रोज कामावर जाताना वर बघते. आज थबकली. तीन दिवस ती पोर कचरा टाकायला उतरली नाही, असं नवऱ्याला म्हणाली. उदय रिफायनरीच्या बसची वाट बघत होता.

"दगड असा मां जाग्यार?" तो म्हणाला. "मग कित्याक जीवाक लावन घेतंस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. बस आली, तो चढला. तीही निघाली. जाताना तिचा चेहरा सैल झाला होता. तसे निर्धास्त चेहरे मी बुरुजावरून सत्तर पाहिले आहेत.

राजश्री, उद्या या खिडकीखाली येशील तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. हात शोध.