घासून लख्ख केलेल्या बरण्या

आमच्या मुलांनी एक सत्र परदेशातल्या प्रयोगशाळेत काम करायचं आणि तिकडच्यांनी आमच्याकडे यायचं, हा उपक्रम उभा करताना माझ्या नाकी नऊ आले. प्राचार्यांनी होकार दिला तोही अट घालून: "तिकडून एक तक्रार आली, की दुकान बंद." मग पहिल्या खेपेला पदवीच्या दुसऱ्या वर्षाची एकच मुलगी पाठवली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. पाय म्हणून एका जागी ठरत नाही तिचा.

आठवडा होतोय न होतोय, तोच तिचा फोन. "मॅडम, माझ्या हातून घोळ झालाय."

"काय फोडलंस?"

"फोडलं नाही. घासलं."

झालं होतं असं. तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी खिडकीपाशी काचेच्या बरण्या मांडल्या होत्या, आतून हिरवट थर धरलेल्या. तो थर म्हणजे चार महिने जोपासलेलं शेवाळ. बाईंचं सगळं संशोधन त्याच्यावर. आमच्या कन्येला वाटलं, कुणीतरी भांडी न धुताच घरी गेलंय. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिने तीन बरण्या घासून लख्ख केल्या आणि पालथ्या घातल्या!

आता बोलू तरी कुणाला? भांडी धुतल्याशिवाय प्रयोगशाळेबाहेर पाऊल टाकू न देणारी मीच. मी कपाळावर हात मारला.

"बाईंना कळलं?"

"मीच सांगितलं. त्या उरलेल्या बरण्या तपासत बसल्यात. मॅडम, मला परत पाठवतील ना? आणि माझ्यामुळे बाकीच्यांचंही..." आणि ती रडायलाच लागली.

"रडू नकोस गं, वेडाबाई," मी म्हणाले खरं, पण मलाच रडू येत होतं. पुढच्या वर्षी जायची स्वप्नं बघणारी पोरं रोज माझ्यासमोर बसतात.

दुपारी बाई स्क्रीनवर आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"बाकीच्या बरण्या शाबूत आहेत. आमच्याकडची मुलं असं काही झालं की चार दिवस तोंड चुकवतात. हिने मी आल्या आल्या, कोट काढायच्या आत सांगितलं. पण त्या तीन बरण्या आता तिनेच वाढवायच्या."

"वाढवेल की!"

"पण शेवाळ वाढायला चार महिने लागतात, तिचं सत्र त्याआधी संपतंय. तिला थोडं जास्त ठेवून घेऊ?"

प्राचार्यांना न विचारताच मी हो म्हणून मोकळी झाले. त्यांचं पुढे बघू. मला इतका आनंद झाला होता, की खुर्चीत बसवत नव्हतं.

तेवढ्यात भिंगरी स्क्रीनमध्ये घुसली. नाक लाल, डोळे सुजलेले, पण तोंडभर हसू. आधी ती बाईंच्या शेवाळाची नुसती मोजमापं घेणार होती. आता बरणीत सोडायच्या पहिल्या थेंबापासून सगळं तिचं.

"मॅडम, उशिरा येणार म्हणून आई ओरडेल. तुम्ही सांगाल?"

"काय सांगू?"

"सांगा, शेवाळ अजून लहान आहे. त्याला टाकून येववत नाही."